येळवशीला परत परत कोण मागून खातं, आणि त्यात जीनचा हात किती

आमच्या लातूरकडं येळवशीला, म्हणजे वेळा अमावस्येला, रानात कोपीपुढं (कडब्याच्या खोपटापुढं) पंगत बसली की दोन चुलतभाऊ शेजारी शेजारी बसतात, वयात सहा महिन्यांचा फरक. थोरला एकदा भज्जी-उंडे खाऊन ताटावर हात आडवा धरतो, धाकटा दोनदा घेऊन वर आंबील पितो अन् परत खीर मागतो. काकू म्हणती, "ह्याला लागतंच लई, बापावर गेलाय." जीनची टेस्ट काय कुणी केलेली नाही, पण काकूचं म्हणणं उडवून लावण्यासारखं पण नाही.

जुळ्यांवरच्या अभ्यासांत दिसतं की लोकांच्या बीएमआयमध्ये, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाच्या आकड्यात, जो फरक असतो त्यातला साधारण ४० ते ७० टक्के आनुवंशिक. आता ह्याचा अर्थ तुमच्या ८० किलोतले ५० किलो जीनचे असा लावू नका, हे गणित माणसामाणसातल्या फरकाचं आहे, एका माणसाचं नाही. लेप्टिनसारखा (पोट भरल्याचं मेंदूला सांगणारं हार्मोन) एकच जीन बिघडून येणारा लठ्ठपणा फार म्हणजे फारच कमी दिसतो. बाकी सगळा खेळ बारक्या बारक्या, घरोघरी सापडणाऱ्या डीएनएमधल्या फरकांचा.

त्यातला सगळ्यात गाजलेला २००७ मध्ये सापडला, सोळाव्या क्रोमोसोमवरचा एफटीओ. डीएनएच्या एका ठिकाणी 'टी' ऐवजी 'ए' हे अक्षर, बस एवढंच. आईकडून पण ए आणि बापाकडून पण ए आला तर वजन सरासरी ३ किलो जास्त. हा अभ्यास युरोपियन वंशाच्या लोकांवरचा होता, आणि असे डबल ए वाले त्यांच्यात दर सहा माणसांत एक निघाले.

मला गंमत वाटते ती पुढं. लोक म्हणतात "माझं मेटाबॉलिझमच स्लो आहे". पण स्कॉटलंडमधल्या पोरांवर बघितलं तर ए वाल्यांचं शरीर कमी कॅलरी जाळत नव्हतं, ती पोरं जेवताना जास्त कॅलरी पोटात घालत होती. ह्यातले बरेचसे जीन मेंदूत काम करतात, भूक कधी लागावी आणि 'बास' कधी वाटावं तिथं. म्हणजे थोरल्याचा संयम वगैरे आपण जे कौतुक करतो ना, त्याला कदाचित खरंच भूक उरलेली नसती.

आपल्याकडं पुण्यातले डायबेटिसचे संशोधक डॉ. याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये दाखवलं की भारतीयांत एफटीओचा संबंध डायबेटिसशी पण आहे, आणि तो सगळाच्या सगळा वजनामार्फत येत नाही. त्यामुळं बारीक माणसानं लई खूश व्हायचं कारण नाही.

२०१८ पर्यंत सुमारे ७ लाख लोकांचा डेटा एकत्र करून बीएमआयशी जोडलेले डीएनएमधले ९४१ फरक सापडले, तरी सगळे मिळून माणसामाणसातल्या बीएमआयच्या फरकाचा जेमतेम ६ टक्के हिशोब लागतो. आणि अंगमेहनत करणाऱ्यांत एफटीओमुळं वाढणारा लठ्ठपणाचा धोका साधारण २७ टक्क्यांनी कमी दिसतो.

अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम गावच्या अभ्यासात तर १९४२ च्या आधी जन्मलेल्यांत ह्या ए चा वजनाशी संबंधच दिसला नाही, नंतर जन्मलेल्यांत दिसला. धाकट्यात ए असलाच तर तो आमच्या आजोबांकडून पण आला असू शकतो, पण बहात्तरच्या दुष्काळात सुकडी अन् लाल मिलो खाऊन दिवसभर खडी फोडणाऱ्या माणसाच्या अंगावर तो ए काय चरबी चढवणार. यंदा धाकट्यानं तिसऱ्यांदा खीर मागितली. वाढली पण काकूनंच.