नोकरी सांभाळून शिक्षणशास्त्रात पीएच.डी.: सातारा-सांगलीच्या शिक्षकांसाठी अर्जाची वाट

शाळेत शिकवणारा माणूस पीएच.डी.चा विचार करतो तेव्हा पहिली धास्ती प्रवेश परीक्षेची असते. प्रत्यक्षात परीक्षेत अडकणारे कमी, ना हरकत दाखल्यावर आणि गाईडकडे (संशोधन मार्गदर्शकाकडे) जागा नसल्यामुळे अडकणारे जास्त. म्हणून इथे क्रम थोडा उलटा ठेवला आहे.

आधी नियम कुठला ते. विद्यापीठ अनुदान आयोगाची पीएच.डी.बाबतची सध्याची नियमावली नोव्हेंबर २०२२ ची आहे. अर्धवेळ पीएच.डी.ला तिच्यात स्पष्ट परवानगी आहे, फक्त बाकीच्या सगळ्या अटी पूर्णवेळ विद्यार्थ्याइतक्याच पाळाव्या लागतात. दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने पीएच.डी. देण्याला मात्र तिच्यात मनाई आहे. ‘घरबसल्या दोन वर्षांत डॉक्टरेट’ अशी जाहिरात मोबाईलवर आली की तिथेच सोडून द्यावी. परदेशी विद्यापीठाचे नाव पुढे करून एखादी ऑनलाइन कंपनी देते ती पदवीही आयोग मानत नाही.

पात्रता

पदव्युत्तर पदवी, किमान ५५ टक्के. अनुसूचित जाती, जमाती, नॉन-क्रीमिलेअर इतर मागासवर्ग, आर्थिक दुर्बल घटक आणि दिव्यांग उमेदवारांना ५ टक्के सवलत. इथवर सगळ्यांना ठाऊक असते. घोळ होतो तो विषयाचा. मराठीत एम.ए. आणि वर बी.एड. झालेले अनेक शिक्षक ‘आपण शिक्षक, म्हणजे शिक्षणशास्त्रात चालेल’ असे धरून चालतात. बी.एड. ही पदव्युत्तर पदवी नव्हे. शिक्षणशास्त्रासाठी एम.एड. लागते, काही विद्यापीठांत शिक्षणशास्त्रातली एम.ए. चालते. ती चालते की नाही हे त्या वर्षीच्या माहितीपत्रकात शब्दशः वाचून घ्यावे. नुसती मराठीतली एम.ए. असेल तर पीएच.डी.चा विषयही मराठीच.

वयाची अट नाही. पण निवृत्तीला पाच-सहा वर्षे उरलेल्याने मुदतीचा हिशेब आधी मांडावा. तो पुढे येतोच.

ना हरकत दाखला: इथे सुरुवात करा

अर्धवेळ उमेदवाराकडून नोकरीच्या ठिकाणचा ना हरकत दाखला घेणे विद्यापीठावर बंधनकारक आहे आणि त्यात काय असावे हेही नियमावलीने सांगितले आहे. ‘आमची हरकत नाही’ या एका ओळीवर काम भागत नाही. तीन गोष्टी लेखी याव्या लागतात. दाखल्याचा मजकूर साधारण असा असावा:

‘श्री./श्रीमती …, सहशिक्षक, यांना शिक्षणशास्त्र विषयात अर्धवेळ पीएच.डी. करण्यास परवानगी देण्यात येत आहे. त्यांच्या कर्तव्याचे स्वरूप पाहता संशोधनास पुरेसा वेळ देणे त्यांना शक्य आहे. कोर्सवर्क पूर्ण करण्यासाठी आवश्यकता भासल्यास त्यांना कार्यमुक्त करण्यात येईल.’

कोर्सवर्क म्हणजे पीएच.डी.च्या सुरुवातीचा सक्तीचा अभ्यासक्रम. त्यावरचे हे तिसरे वाक्य कार्यालयांना जड जाते. ‘कार्यमुक्त’ हा शब्द पाहिला की लिपिक पेन खाली ठेवतो, मग दाखला येतो तो दोनच वाक्यांचा. विद्यापीठ त्यावर त्रुटी काढते आणि फाईल पुन्हा फिरायला लागते. यावर उपाय एकच: परवानगीच्या अर्जासोबत विद्यापीठाच्या माहितीपत्रकातली दाखल्याची अट (नमुना दिला असेल तर नमुनाही) जोडायची आणि त्यातल्या तिसऱ्या मुद्द्याखाली रेघ मारायची.

दाखला कोणी द्यायचा? नियमात ‘योग्य प्राधिकारी’ आहे. जिल्हा परिषदेच्या शिक्षकाचा अर्ज मुख्याध्यापक, केंद्रप्रमुख, गटशिक्षणाधिकारी असा वर चढत शिक्षणाधिकारी (प्राथमिक) यांच्याकडे आणि जिल्हा परिषदेच्या स्तरावर जातो. नुसत्या मुख्याध्यापकाच्या सहीचा दाखला जिल्हा परिषदेच्या शिक्षकाला पुरत नाही. खासगी अनुदानित शाळेत संस्थेच्या सचिवांचा दाखला घ्यावा, कारण नेमणूक संस्थेची असते. प्रत्येक टेबलावर आवक क्रमांक आणि तारीख घेत जा, पोहोच फाईलला लावा. जत किंवा पाटणसारख्या लांबच्या तालुक्यातून निघालेला कागद जिल्ह्याच्या गावी पोचून परत यायला दोन-तीन महिने सहज लागू शकतात आणि प्रवेशाची खिडकी काही आठवड्यांचीच असते. त्यामुळे अधिसूचनेची वाट न पाहता अर्ज आधीच टाकावा. याच अर्जात उच्च शिक्षणाची पूर्वपरवानगीही मागून घ्यावी. परवानगी नोंदणीनंतरच्या तारखेची असेल तर पुढे पदवीची नोंद सेवापुस्तकात घेताना प्रश्न निघतात.

कोणते विद्यापीठ, कोणता गाईड

सातारा, सांगली आणि कोल्हापूर हे तिन्ही जिल्हे शिवाजी विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतात. सांगलीहून कोल्हापूर सुमारे ५० किलोमीटर, सकाळी जाऊन संध्याकाळी परत. साताऱ्याहून सव्वाशेच्या आसपास, म्हणजे तिथल्या शिक्षकाचा अख्खा दिवस जातो. खंडाळा, वाईकडच्यांना पुणे जवळ पडते. अर्ज कुठल्याही विद्यापीठात करता येतो. फक्त दर सहा महिन्यांनी संशोधनाची प्रगती पाहणाऱ्या सल्लागार समितीपुढे हजर व्हायचे आहे हे लक्षात ठेवून अंतर निवडावे.

गाईडच्या जागा मोजलेल्या असतात. एका वेळी प्राध्यापकाकडे ८, सहयोगी प्राध्यापकाकडे ६ आणि सहायक प्राध्यापकाकडे ४ संशोधक. निवृत्तीला तीन वर्षांहून कमी काळ उरलेल्या गाईडला नवा विद्यार्थी घेता येत नाही. शिक्षणशास्त्रात मान्यताप्राप्त गाईड मुळात थोडे, त्यामुळे परीक्षा उत्तीर्ण होऊनही जागेअभावी बाहेर राहिलेले उमेदवार दरवर्षी दिसतात. संशोधन केंद्रनिहाय रिक्त जागांची यादी विद्यापीठ प्रसिद्ध करते. ती आधी पाहा, गाईडचे अभ्यासक्षेत्र पाहा, मग विषय ठरवा. दुसऱ्या विद्यापीठातले ओळखीचे सर मुख्य गाईड होऊ शकत नाहीत, फार तर सहमार्गदर्शक.

प्रवेश

वाटा दोन. एक नेट, म्हणजे राष्ट्रीय पात्रता परीक्षा. शिक्षणशास्त्र हा त्यात स्वतंत्र विषय आहे. २०२४ पासून नेटच्या निकालात तीन गट असतात: जेआरएफसह (कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्तीसह) पात्र, सहायक प्राध्यापक आणि पीएच.डी. प्रवेशासाठी पात्र, आणि फक्त पीएच.डी. प्रवेशासाठी पात्र. दुसऱ्या-तिसऱ्या गटात नेटच्या गुणांना ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के भार. हे गुण प्रवेशासाठी एकच वर्ष चालतात, म्हणून विद्यापीठाची प्रक्रिया लांबली तर गुण शिळे होतात. दुसरी वाट विद्यापीठाच्या स्वतःच्या परीक्षेची, बोलीभाषेत ‘पेट’. तिच्यात निम्मे प्रश्न संशोधन पद्धतीवर, निम्मे विषयावर. उत्तीर्णतेला ५० टक्के, राखीव गटांना ५ टक्के सूट, आणि पुढे तोच ७०-३० चा हिशेब. त्या वर्षी विद्यापीठ कोणती वाट मानते आणि सेट (राज्य पात्रता परीक्षा) उत्तीर्णांना काय सूट देते, हे अधिसूचनेतच पाहावे. जेआरएफ मिळाली तरी पगार चालू ठेवून अधिछात्रवृत्ती घेता येत नाही.

कागदांची यादी लांब असते: दहावीपासूनच्या गुणपत्रिका, एम.एड.चे पदवी प्रमाणपत्र, नियुक्ती आदेश, सेवेचा दाखला, जातीचे प्रमाणपत्र आणि वैधता, नॉन-क्रीमिलेअर, आधार, दुसऱ्या विद्यापीठातून येणाऱ्यांसाठी स्थलांतर प्रमाणपत्र, नेट किंवा पेटचा निकाल, ना हरकत दाखला, संशोधन आराखडा. यातले दोन कागद घात करतात. एक, नॉन-क्रीमिलेअर: त्याची मुदत ३१ मार्चला संपते आणि जुनाच कागद अपलोड होतो. दोन, नाव. पदवीवर माहेरचे, सेवापुस्तकात सासरचे, आधारवर तिसरेच स्पेलिंग. राजपत्रातली नावबदलाची प्रत किंवा विवाह नोंदणीचा दाखला पहिल्याच दिवशी जोडावा.

आराखडा

‘सातारा जिल्ह्यातील प्राथमिक शिक्षकांच्या अडचणींचा अभ्यास’ असे शीर्षक आले की समिती विचारते: कोणत्या अडचणी, किती शिक्षक, मोजणार कशाने? तेच ‘जावळी तालुक्यातील द्विशिक्षकी शाळांत तिसरी-चौथीच्या विद्यार्थ्यांसाठी बहुवर्ग अध्यापन कार्यक्रमाची निर्मिती व भागाकाराच्या संबोधावरील परिणामकारकता’ असे लिहिले की चल (काय मोजायचे), नमुना (कोणावर), साधन तिन्ही शीर्षकातच दिसतात.

वेळापत्रक शाळेच्या वर्षावर बसवा. प्रयोग जूनअखेर सुरू करून दिवाळीआधी उत्तर चाचणी (प्रयोगानंतरची चाचणी) उरकलेली बरी. जानेवारीनंतर शिष्यवृत्ती परीक्षा, स्नेहसंमेलन, वार्षिक परीक्षा, मध्येच निवडणुकीचे काम. वाळवा-कराड पट्ट्यात साखरशाळांवर (ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठीच्या हंगामी शाळांवर) किंवा ऊसतोड मजुरांच्या मुलांवर काम करणाऱ्याचे गणित उलटे: मुले गळीत हंगामात येतात आणि पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचे गाळप संपले, की जातात. पूर्व चाचणी दिलेली निम्मी मुले उत्तर चाचणीला नसतील, तर प्रयोग वाया. नमुना पहिल्यापासून जास्त घ्यावा. शाळांत माहिती गोळा करायला शिक्षणाधिकाऱ्यांची वेगळी परवानगी आणि पालकांची संमती लागते. पीएच.डी.ची परवानगी मिळाली म्हणजे ही मिळाली असे होत नाही.

नोंदणीनंतर

कोर्सवर्क किमान १२ श्रेयांकांचे (क्रेडिटचे), त्यात संशोधन व प्रकाशन नीतिमत्तेचा पेपर, आणि किमान ५५ टक्के गुण. तासिका शनिवार-रविवारी किंवा सुट्टीत लागतील अशी खात्री धरू नका. कार्यमुक्तीचे ते तिसरे वाक्य इथेच कामाला येते. पुढे दर सहा महिन्यांनी सल्लागार समितीपुढे प्रगती अहवाल.

मुदत कमीत कमी ३ वर्षे, जास्तीत जास्त ६. पुनर्नोंदणीने आणखी २ वर्षे मिळतात, महिला आणि ४० टक्क्यांहून अधिक दिव्यांगत्व असलेल्यांना त्याहून २ जास्त, म्हणजे एकूण १०. महिलांना प्रसूती वा बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंतची रजा वेगळी. घड्याळ प्रवेशाच्या तारखेपासून चालू होते, आराखडा मंजूर झाल्यापासून नव्हे. बदली झाली तर नव्या ठिकाणाहून सेवेचा दाखला काढून विद्यापीठाला कळवावे.

प्रबंध मराठीत लिहिणार असाल तर पहिल्या पानापासून युनिकोडमध्येच टाइप करा. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर वाङ्‌मयचौर्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरला नीट वाचता येत नाही. मग तीनशे पाने रूपांतरित करताना जोडाक्षरे फुटतात, तक्ते सरकतात आणि हे सगळे नेमके सादरीकरणाच्या तोंडावर घडते. इतरांच्या मजकुराशी साम्य १० टक्क्यांपर्यंत चालते. १० ते ४० च्या दरम्यान निघाले तर दुरुस्तीला कमाल सहा महिने, ४० च्या वर वर्षभर सादर करता येत नाही, ६० च्या वर नोंदणीच रद्द. त्यानंतर पूर्व-सादरीकरण, किमान दोन बाह्य परीक्षकांचे अहवाल आणि खुली मौखिकी (तोंडी परीक्षा). पदवीचे पत्र हाती आले की त्याची साक्षांकित प्रत आणि मूळ परवानगीचा आदेश एकत्र जोडून सेवापुस्तकातल्या नोंदीसाठी अर्ज द्यावा, त्यावरही आवक क्रमांक घेऊन.