गोदावरी (युद्धनौका)

नाशिकच्या गोदावरी नदीचे नाव भारताच्या तीन युद्धनौकांनी एकापाठोपाठ एक वागवले. नौका मोडीत निघाली तरी तिचे नाव पुढच्या नौकेला द्यायचे, ही नौदलांची जुनी रीत आहे. नाव गाजलेले असेल तर ते कथाकादंबऱ्यांतल्या जहाजांवरही जाते, आणि कधी तिथून परत खऱ्या जहाजावर येते.

ही नदी त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरीवर उगम पावते. अरबी समुद्र तिथून जेमतेम ८० किमीवर आहे, पण ती पूर्वेकडे वळून १,४६५ किमी वाहते आणि बंगालच्या उपसागराला मिळते. नाशिककर तिला सरळ ‘गंगा’च म्हणतात. पावसाळ्यात रामकुंडाजवळच्या दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला पाणी लागले की कमरेला, यावरून गावभर पुराचा अंदाज घेतला जातो. या पात्रातून युद्धनौका कधी जाणार नाही. नदीचे नाव मात्र सातासमुद्रांवर गेले.

पहिली गोदावरी ब्रिटिश अमदानीतली, दुसऱ्या महायुद्धात १९४३ मध्ये दाखल झालेली स्लूप जातीची, म्हणजे जहाजांच्या ताफ्यांना संरक्षण देणारी लहान युद्धनौका. १२ ऑगस्ट १९४४ रोजी सेशेल्सजवळ तिने फिंडहॉर्न या ब्रिटिश फ्रिगेटच्या (मध्यम आकाराच्या युद्धनौकेच्या) साथीने यू-१९८ ही जर्मन पाणबुडी बुडवली. फाळणीच्या वाटणीत ही नौका पाकिस्तानकडे गेली आणि तिचे ‘सिंध’ झाले. नाव तेवढे भारताकडे राहिले.

दुसरीची गोष्ट नेमकी उलटी. ही ब्रिटनमध्ये ‘बीडेल’ म्हणून बांधलेली विनाशिका (डिस्ट्रॉयर). महायुद्धात पोलिश नौदलाने ती ‘श्लॉन्झाक’ या नावाने चालवली आणि १९४२ मध्ये फ्रान्समधल्या दिएप बंदरावर झालेल्या हल्ल्यात ती होती. १९५३ मध्ये ती भारतात येऊन गोदावरी झाली. नौका एकच, नावे तीन! १९७६ मध्ये मालदीवजवळ ती उथळ पाण्यात रुतली आणि पुढे मोडीत काढली गेली.

खऱ्या आणि काल्पनिक जहाजांत नावाची देवाणघेवाण कशी होते, हे ‘नॉटिलस’मध्ये स्वच्छ दिसते. रॉबर्ट फुल्टनने १८०० मध्ये फ्रान्समध्ये या नावाची पाणबुडी बांधली. पुढे ज्यूल व्हर्नच्या कादंबरीतली पाणबुडी याच नावाने जगप्रसिद्ध झाली; तिचा कप्तान नेमो बुंदेलखंडचा राजपुत्र होता, हे व्हर्नने नंतरच्या कादंबरीत उघड केले. १९५४ मध्ये दाखल झालेली अमेरिकेची पहिली अणुपाणबुडीही नॉटिलसच, आणि १९५८ मध्ये ती बर्फाखालून उत्तर ध्रुवापर्यंत पोहोचली. ‘एंटरप्राइज’ या नावाचा तर भारताशी थेट संबंध आला. १९७१ च्या डिसेंबरात, भारत-पाकिस्तान युद्धाच्या वेळी, अमेरिकेने याच नावाची अणुशक्तीवर चालणारी विमानवाहू नौका बंगालच्या उपसागराकडे धाडली, तेव्हा तिथे आपली विमानवाहू नौका विक्रांत लढत होती. ‘स्टार ट्रेक’ या मालिकेतले एंटरप्राइज अंतराळयान १९६६ पासून दूरचित्रवाणीवर होतेच. त्याच्या चाहत्यांनी पत्रांचा पाऊस पाडला आणि १९७६ मध्ये पहिल्या स्पेस शटलला हेच नाव मिळाले. ते यान चाचण्यांसाठीच होते, अंतराळात कधी गेले नाही.

तिन्ही गोदावरींत महत्त्वाची तिसरीच. मुंबईच्या माझगाव गोदीत बांधलेली ही फ्रिगेट १० डिसेंबर १९८३ रोजी नौदलात आली. ब्रिटिश आराखड्यावरच्या निलगिरी वर्गाची (एकाच आराखड्यावरच्या नौका म्हणजे एक वर्ग) वाफेची यंत्रणा कायम ठेवून आपल्या आराखडाकारांनी सुमारे १२६ मीटर लांबीची, बरीच मोठी नौका उभी केली आणि तिच्यावर दोन सी किंग हेलिकॉप्टरांची सोय केली. क्षेपणास्त्रे सोव्हिएत, हेलिकॉप्टरे ब्रिटिश आणि पाणबुड्यांचा माग घेणारी सोनार यंत्रणा कोचीच्या प्रयोगशाळेतली. वेगवेगळ्या देशांची ही सामग्री एकाच नौकेत जुळवून चालवणे हे भारतीय अभियंत्यांचे मोठेच यश होते, आणि त्याची आठवण फार कमी काढली जाते. नोव्हेंबर १९८८ मध्ये मालदीवमधला उठाव फसल्यावर भाडोत्री सैनिक ओलिसांसह ‘प्रोग्रेस लाइट’ या जहाजातून पळाले. गोदावरी आणि बेतवा या युद्धनौकांनी ते भर समुद्रात अडवले. बारा वर्षांपूर्वी याच नावाची नौका त्याच द्वीपसमूहात रुतली होती.

गोदावरीच्या वर्गातल्या पुढच्या दोन नौकांनाही नद्यांचीच नावे होती : गंगा आणि गोमती. गोदावरी २३ डिसेंबर २०१५ रोजी मुंबईत निवृत्त झाली, गंगा २०१८ मध्ये आणि गोमती २०२२ मध्ये.