नीट घसरणारा क्लच

वर्षानुवर्षं उभी असलेली गाडी कशीबशी सुरू होते, क्लच पूर्ण दाबला जातो, आणि तरी गिअर टाकताना दात कचकचतात. पेडल व्यवस्थित खाली जातंय, मग अडतं कुठे? ओलाव्यानं फ्लायव्हील, म्हणजे इंजिनाबरोबर फिरणारी जड चकती, गंजलेलं असतं आणि क्लच प्लेटचं लायनिंग, म्हणजे तिच्यावरचा घर्षणाचा थर, त्या गंजाला धरून बसलेलं असतं. क्लच प्लेटला फ्लायव्हीलवर दाबून धरणारी प्रेशर प्लेट मागे सरकली तरी मधली प्लेट सुटत नाही. झटके देऊन ती सोडवायच्या युक्त्या आहेत. पण इंजिन उतरवायचंच असेल, तर त्या नादी लागू नये.

उघडल्यावर आत दिसणारी काळपट धूळ फुंकायची नाही, हवेच्या झोतानं तर मुळीच उडवायची नाही. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असण्याची दाट शक्यता असते. त्याचे तंतू उष्णता सोसतात म्हणून ते वापरले गेले. तेच फुप्फुसात गेले तर कर्करोगापर्यंत मजल जाते. बारीक तंतू अडवणारा मास्क लावून ओल्या फडक्यानं पुसावं. (ॲस्बेस्टॉसच्याही आधीच्या काळात शंकूच्या आकाराचे क्लच असत, त्यांवर चामडं लावलेलं असे आणि ते मऊ राहावं म्हणून त्याला तेल पाजावं लागे.)

क्लचचं काम जोडणं आणि तोडणं, असं आपण म्हणतो. माझ्या मते त्याचं अवघड काम या दोन्हींच्या मधलं आहे: नीट घसरणं. इंजिन फिरतंय, चाकं थांबलेली आहेत. दोघांचा वेग जुळेपर्यंत प्लेटला घसरावंच लागतं. १००० किलोची गाडी सपाट रस्त्यावर सेकंदाला ३ मीटर वेगाला आली की तिची गतिज ऊर्जा ४५०० ज्यूल होते. त्या वेळात इंजिनाच्या फेऱ्या तेवढ्याच राहिल्या, तर आणखी ४५०० ज्यूल क्लचमध्ये उष्णता होऊन जातात. एक लिटर पाणी एका अंशानं तापवायला लागते त्याहून ही थोडी जास्तच. रेस दुप्पट ठेवून क्लच सोडला तर उष्णता चौपट. चढावर अर्ध्या क्लचवर गाडी धरून ठेवणाऱ्यांचा हिशेब तर विचारूच नका.

या उष्णतेच्या खुणा फ्लायव्हीलवर निळ्या डागांच्या रूपात राहतात. नुसता निळा रंग म्हणजे ऑक्साइडचा पातळ थर. तो ३०० अंश सेल्सिअसच्या आसपासही येतो. खरी भीती त्याखालच्या कडक ठिपक्यांची. तिथलं बीड (ओतीव लोखंड) भयंकर तापून लगेच थंड झालेलं असतं, त्याची अंतर्गत रचना बदललेली असते. लेथवर टूल त्या ठिपक्यांवरून उसळतं आणि बारीक उंचवटे राहून जातात. मग गाडी निघताना थरथरते. असं फ्लायव्हील ग्राइंडिंगलाच द्यावं.

आता थोडं गणित. स्प्रिंगांचा दाब ४००० न्यूटन, घर्षणांक ०.३ आणि घर्षणपट्टीची सरासरी त्रिज्या ९ सेंटिमीटर धरली, तर प्लेटच्या दोन्ही बाजू मिळून २१६ न्यूटन-मीटर पीळ (टॉर्क) पेलतात. लायनिंगवर तेल आलं आणि घर्षणांक ०.१ झाला, की उरतात ७२. म्हणून नवी प्लेट बसवण्याआधी इंजिनाच्या मागच्या टोकाची तेलगळती थांबवायची. बऱ्याच जुन्या इंजिनांत तिथे रबरी सील नसतंच. क्रँकशाफ्टवर, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्यावर, आटे पाडलेले असतात आणि ते फिरताना तेल आत ढकलतात. इंजिन थांबलं की ढकलणारं कोणी नाही, त्यामुळे थेंब-दोन थेंब गळणं आलंच.

मला सर्वांत आवडतं ते पायलट बुश, म्हणजे गिअरबॉक्सच्या शाफ्टचं टोक ज्यात टेकतं ती नळी, काढणं. क्रँकशाफ्टच्या टोकाला खोल बसलेल्या या छोट्या बुशला मागून धरायला जागाच नसते. त्याच्या भोकात ग्रीस ठासून भरायचं, भोकात घट्ट जाणारा दांडा लावायचा आणि हातोडीचा ठोका द्यायचा. ग्रीस दबत नाही; पास्कलच्या नियमानं दाब सगळीकडे पसरतो आणि बुश मागून ढकललं जाऊन दांड्यावरून बाहेर सरकतं. नवं बुश सच्छिद्र ब्राँझचं असेल तर ते आधी तेलात भिजत ठेवायचं.

प्लेटला नवं लायनिंग लावताना रिव्हेटची डोकी पृष्ठभागाच्या खाली राहायला हवीत, नाहीतर ती फ्लायव्हीलवर चरे पाडतात. दोन लायनिंगांच्या मध्ये लाटेसारखे वळवलेले पोलादी पत्रे असतील तर तेही तपासावेत. क्लच सोडताना ते हळूहळू चपटे होतात, म्हणून पकड क्रमानं वाढते. ते कायमचे चपटे झाले असतील तर नव्या लायनिंगनंही गाडी झटका देऊनच निघेल.

शेवटी प्लेट मध्यावर बसवायला जुन्या गिअरबॉक्सचा शाफ्ट आत घालायचा आणि कव्हरचे बोल्ट समोरासमोरचे, अर्धा-अर्धा फेरा करत आवळायचे. सगळे आवळून झाले की शाफ्ट दोन बोटांनी बाहेर ओढून पाहावा. अडला, तर बोल्ट ढिले करून पुन्हा पहिल्यापासून.