कोराडीच्या धुरावर शेवाळ: कल्पनेचा मागोवा

नागपूरजवळच्या कोराडी आणि खापरखेडा इथल्या कोळशाच्या वीज केंद्रांच्या चिमण्यांतून निघणाऱ्या धुरावर सूक्ष्म शेवाळ वाढवायचं आणि त्याच्या तेलाचं बायोडिझेल करायचं, ही कल्पना ऐकायला आजची वाटते. तिचं मूळ मात्र सांडपाण्याच्या तळ्यांत आहे.

अमेरिकेत बर्कलीच्या विद्यापीठात अभियंते विल्यम ओसवाल्ड १९५०च्या दशकात अशा तळ्यांचा अभ्यास करत होते. शेवाळ ऑक्सिजन सोडतं, त्यावर जिवाणू घाण कुजवतात आणि त्यातून सुटलेल्या कार्बन डायऑक्साइडवर आणि खतावर पुन्हा शेवाळ वाढतं. ओसवाल्ड आणि त्यांचे सहकारी गोलूके यांनी १९६०मध्ये पुढचं पाऊल सुचवलं: वीज केंद्राच्या धुरातला कार्बन तळ्यात सोडा, शेवाळापासून मिथेन हा जळणारा वायू करा.

नागपूरही तेव्हा याच विषयात गुंतलं होतं. १९५८मध्ये इथे सुरू झालेल्या केंद्रीय संस्थेने, म्हणजे आजच्या 'नीरी' या पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने, भारतीय हवामानात सांडपाण्याची तळी कशी बांधावीत यावर १९७०मध्ये ग्रंथच काढला. नागपूरच्या या कामाची आठवण फार कमी जण काढतात, याचं मला वाईट वाटतं.

१९७३च्या तेलसंकटानंतर सगळं लक्ष डिझेलकडे वळलं. १९७८ ते १९९६ या काळात अमेरिकी सरकारने शेवाळाचे सुमारे तीन हजार नमुने गोळा केले, न्यू मेक्सिकोत मोठी तळी चालवली. नायट्रोजनसारखं पोषण तोडून उपाशी ठेवलेलं शेवाळ अंगात तेल साठवतं, पण त्याची वाढ मंदावते, ही मेख तिथेच कळली. खनिज तेल स्वस्त असल्याने हिशेब जुळला नाही. पुढे अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाच्या वीजघराच्या छतावर प्रयोग करणारी ग्रीनफ्युएल कंपनी २००९मध्ये बंद पडली.

अडचण समजायला कोराडीचं उदाहरण घ्या. कोळशाच्या धुरात १२ ते १५ टक्के कार्बन डायऑक्साइड असतो. एक किलो सुकं शेवाळ त्यातला साधारण १.८ किलो शोषतं. चांगलं उत्पादन धरलं, तरी ६६० मेगावॅटच्या एकाच वीजनिर्मिती संचाचा सगळा धूर पचवायला तीनशे चौरस किलोमीटरच्या आसपास तळी लागतील, म्हणजे अख्ख्या नागपूर शहरापेक्षा जास्त जागा. रात्री शेवाळ कार्बन घेत नाही, संच मात्र चालूच असतो. मे महिन्यातलं ऊन आणि बाष्पीभवन वेगळंच. शिवाय लिटरभर पाण्यात जेमतेम ग्रॅमभर शेवाळ असतं. ते वेगळं करून सुकवण्यातच बरीच ऊर्जा जाते. आणि बायोडिझेल जळलं की तो कार्बन पुन्हा हवेत जातो.

म्हणून सगळा धूर गिळण्याचं स्वप्न सोडून द्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे. सांडपाणी शुद्ध करणं हे मुख्य काम, तेल हे जोडउत्पादन, असा हिशेब मांडला तरच खर्चाचा काही भाग निघतो. नागपुरातल्या भांडेवाडीच्या केंद्रात प्रक्रिया केलेलं शहराचं सांडपाणी आजही कोराडीच्या वीज केंद्राला जातं. छोट्या चाचणीसाठी पाणी आणि धूर एकाच आवारात मिळतात, तळ्यांचा अभ्यास केलेली संस्थाही याच शहरात आहे.