‘मागील पानावरून पुढे’ की ‘नव्या संचात’? रिव्हायवल, रिबूट आणि व्हेरॉनिका मार्स

2018 च्या सप्टेंबरमध्ये हुलू या अमेरिकी स्ट्रीमिंग सेवेने जाहीर केलं, की 2007 मध्ये बंद पडलेली ‘व्हेरॉनिका मार्स’ ही गुप्तहेर मालिका परत येतेय, आठ भागांचा नवा सीझन घेऊन. त्या आनंदात एक शब्द सर्रास फेकला गेला: रिबूट. मला तो तेव्हाही खटकला आणि आजही खटकतो, कारण ते रिबूट, म्हणजे तीच कल्पना नव्या नटांसह पुन्हा पहिल्यापासून, नव्हतंच; ते रिव्हायवल होतं, म्हणजे तीच कथा त्याच माणसांसह पुढे. दोन्हींत जुनं नाव पुन्हा पडद्यावर झळकतं, म्हणून गल्लत होते. पण चाहते जेव्हा बंद पडलेली मालिका परत मागतात, तेव्हा त्यांना या दोहोंपैकी एकच गोष्ट हवी असते. दुसरी हाती आली तर ती कितीही चांगली असो, त्यांच्या मागणीला ते उत्तर नसतं.

(पुढे 2019 च्या सीझनचा शेवट उघड केला आहे. पाहायचा राहिला असेल तर आधी पाहून या.)

मराठीत या दोन्हींना ‘पुनरुज्जीवन’ म्हणून मोकळं होता येतं आणि तिथेच घोटाळा वाढतो. आपल्या रंगभूमीवर ‘पुनरुज्जीवित नाटक’ म्हटलं की बहुतेक वेळा संहिता जुनी आणि नट नवे असतात. जाहिरातीत ‘नव्या संचात’ असं लिहिलेलं असतं. मालिकांच्या जगात याच्याशी जवळचं नातं आहे ते रिबूटचं. रिव्हायवल म्हणजे मासिकातल्या कादंबरीचं प्रकरण थांबतं आणि पुढच्या अंकात वर लिहिलेलं असतं, ‘मागील पानावरून पुढे चालू’. तीच माणसं, तोच भूतकाळ. फक्त मधे बारा वर्षं गेलेली.

मूळ मालिका थोडक्यात. रॉब थॉमस यांनी निर्माण केलेली ‘व्हेरॉनिका मार्स’ 22 सप्टेंबर 2004 रोजी अमेरिकेत यूपीएन या वाहिनीवर सुरू झाली. कॅलिफोर्नियातलं नेपच्यून नावाचं काल्पनिक किनारी गाव, एका टोकाला करोडपती आणि दुसऱ्या टोकाला त्यांच्या घरी राबणारे. शेरीफपद, म्हणजे निवडून येणाऱ्या पोलीसप्रमुखाचं पद, गमावलेला बाप कीथ आता खासगी गुप्तहेर झालाय आणि शाळकरी मुलगी त्याच्या कचेरीत बसून प्रकरणं सोडवते. तिची जिवलग मैत्रीण लिली केन हिचा खून झालाय. हा खून कुणी केला, या प्रश्नावर पहिला सीझन उभा आहे. व्हेरॉनिका झाली क्रिस्टन बेल, कीथ झाले एन्रिको कोलान्टोनी. टीव्हीवर बाप-लेकीचं याहून लोभस नातं मी पाहिलेलं नाही. दोन सीझननंतर यूपीएन आणि डब्ल्यूबी या वाहिन्या गुंडाळून द सीडब्ल्यू ही नवी वाहिनी निघाली, तिसरा सीझन तिथे झाला आणि मे 2007 मध्ये मालिका संपली. एकूण 64 भाग. शेवटच्या भागात व्हेरॉनिका बापाला मत देऊन पावसात चालत निघून जाते. बाप शेरीफची निवडणूक जिंकला की हरला, तेही कळत नाही. खरं तर तो शेवट नव्हताच, वाक्य मधेच तुटलं होतं.

म्हणून चाहते गप्प बसले नाहीत. स्वतःला ते मार्शमेलो म्हणवतात, कारण पहिल्याच भागात वॉलेस हा मित्र व्हेरॉनिकाला तसं म्हणतो: बाहेरून कडक, आतून मऊ. मालिका धोक्यात असल्याचं दिसताच 2006 मध्ये काहींनी वर्गणी काढून मागणीचा फलक लावलेलं विमान उडवलं. 2007 मध्ये तर वाहिनीच्या कचेरीत मार्स चॉकलेटचे हजारो बार पाठवले गेले. त्याच वर्षी ‘जेरिको’ या दुसऱ्या एका मालिकेच्या चाहत्यांनी सीबीएसकडे वीस टनांहून अधिक शेंगदाणे धाडले आणि वाहिनीने खरोखर सात भागांचा दुसरा सीझन मंजूर केला. शेंगदाण्यांनी जे साधलं, ते चॉकलेटला साधलं नाही. ‘जेरिको’चं जे झालं त्याला रिव्हायवल म्हणण्यापेक्षा जीवदान म्हणावं. सेट अजून मोडलेला नव्हता, माणसं पांगलेली नव्हती.

रॉब थॉमस यांनी वाहिनीचं मन वळवायला एक छोटी फीत बनवली होती. तिच्यात व्हेरॉनिका काही वर्षांनी मोठी होऊन एफबीआयमध्ये रुजू झालेली दिसते. नायिका तीच, अभिनेत्री तीच, पण नेपच्यून नाही, कीथ नाही, शाळा-कॉलेज नाही. वाहिनीने ती नाकारली. मी ती फीत अनेकदा पाहिली आहे आणि प्रत्येक वेळी वाटतं, ही तांत्रिकदृष्ट्या पुढची कथा असली तरी मला हवी होती ती गोष्ट हिच्यात नव्हती. रिव्हायवलला नुसता नायिकेचा चेहरा पुरत नाही, तिच्याभोवतीची माणसंही लागतात.

आणि इथेच दोहोंमधला व्यावहारिक फरक येतो. रिबूट करायला हक्क ज्याच्याकडे आहेत त्याची परवानगी आणि पैसा लागतो, बस. जुन्या नटांपैकी एकानेही होकार द्यायची गरज नाही. रिव्हायवलला हक्कदार हवाच, शिवाय दहा दिशांना पांगलेली माणसं एकाच महिन्यात मोकळी असावी लागतात, त्यांचं मानधन परवडावं लागतं आणि त्यांच्या मनातही ओढ शिल्लक असावी लागते. ‘व्हेरॉनिका मार्स’चे हक्क वॉर्नर ब्रदर्सकडे होते. पुरेसे लोक बघायला येतील याची त्यांना खात्री पटत नव्हती. मग 13 मार्च 2013 रोजी थॉमस आणि बेल यांनी वॉर्नरच्या संमतीने किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या संकेतस्थळावर चित्रपटासाठी मोहीम सुरू केली. महिन्याभरात 20 लाख डॉलर जमवायचे होते. ते बारा तासांच्या आतच जमले. मोहीम संपली तेव्हा 91,585 लोकांनी मिळून 57,02,153 डॉलर दिले होते.

या पैशाच्या बदल्यात देणाऱ्यांना चित्रपटात भागीदारी नव्हती. नफ्यात वाटा नव्हता. टी-शर्ट, पटकथेची प्रत, चित्रपटाची डिजिटल प्रत, आणि दहा हजार डॉलर देणाऱ्या एकाला पडद्यावर बोलायला एक वाक्य. एका मोठ्या स्टुडिओच्या मालकीच्या चित्रपटाला लोकांनी खिशातून पैसे का द्यावेत, अशी टीका तेव्हा झाली आणि आर्थिक बाजूने ती चुकीची नव्हती. पण देणाऱ्यांना ठाऊक होतं ते कशासाठी देताहेत. त्यांना व्हेरॉनिका नावाची कुणी मुलगी बघायची नव्हती. त्या विशिष्ट बाईचं पुढे काय झालं, हे त्यांना जाणून घ्यायचं होतं. नव्या संचातल्या खेळासाठी इतके लोक आगाऊ पैसे मोजतील, असं मला वाटत नाही. ज्या माणसाला आपण ओळखतच नाही, त्याची वाट कशी बघणार?

चित्रपट 23 दिवसांत चित्रित झाला आणि 14 मार्च 2014 ला आला. व्हेरॉनिका न्यूयॉर्कमध्ये वकिलीच्या नोकरीच्या उंबरठ्यावर आहे, जुना प्रियकर लोगनवर खुनाचा आळ येतो आणि ती शाळा सुटून दहा वर्षं झाल्याच्या वर्गमित्रांच्या मेळाव्याच्या सुमारास नेपच्यूनला परतते. बाप ती निवडणूक हरला होता, हेही तिथे कळतं. सात वर्षं लटकलेलं वाक्य पूर्ण झालं.

रिव्हायवलमध्येही एखादा चेहरा बदलतो, हे सांगायला हवं. या चित्रपटात जिचा खून होतो, त्या कॅरी बिशपची भूमिका मालिकेत लेटन मीस्टरने केली होती, चित्रपटात ती आंद्रेया एस्टेलाने केली. तेवढ्याने तो रिबूट होत नाही. आणि 2019 च्या सीझनमध्ये मॅक ही मैत्रीण दिसतच नाही, कारण टीना मॅजोरिनो परतली नाही. ती रिकामी जागा मला भागागणिक जाणवत राहिली. रिबूटमध्ये अशी जागा रिकामी राहत नाही, तिथे दुसरं कुणीतरी मॅक झालं असतं.

रिबूटचं चांगलं उदाहरण किशोरवयीन गुप्तहेरांच्याच घराण्यात आहे: नॅन्सी ड्रू. 1930 मध्ये पुस्तकातून आलेली ही मुलगी अनेकदा पडद्यावर आली. 1977 मध्ये टीव्हीवर ती पामेला सू मार्टिन होती. 2019 मध्ये द सीडब्ल्यूवर केनेडी मॅकमनची नॅन्सी आली, ती एका खाणावळीत काम करते आणि तिच्या गावात भुतं खरोखरची असतात. ती चार सीझन चालली. हिच्या आयुष्यात 1977 ची नॅन्सी कधी झालीच नाही. गंमत म्हणजे पामेला सू मार्टिन या नव्या मालिकेत पाहुणी म्हणून येते, पण नॅन्सी म्हणून नाही, वेगळ्याच बाईच्या भूमिकेत. जुन्याला नमस्कार करून कथा आपल्या वाटेने जाते.

रॉब थॉमस यांनी तर दोन्ही प्रकार स्वतः केले आहेत. त्यांची ‘क्यूपिड’ ही मालिका 1998 मध्ये एबीसीवर आली, शिकागोत घडणारी, जेरेमी पिव्हेन नायक असलेली. ती लवकर बंद झाली. 2009 मध्ये त्याच वाहिनीवर, त्याच निर्मात्याने तीच कल्पना बॉबी कॅनव्हाली आणि सारा पॉलसन यांना घेऊन न्यूयॉर्कमध्ये नव्याने मांडली. हे शुद्ध रिबूट, आणि तेही सात भागांत संपलं. ‘मूळ निर्माता परत आलाय म्हणजे हे रिव्हायवल’ ही समजूत म्हणूनच टिकत नाही.

मधल्या प्रदेशातही काही मालिका आहेत. ‘गॉसिप गर्ल’ 2021 मध्ये परतली तेव्हा पात्रं आणि नट नवे होते, पण जग जुनंच होतं. आधीच्या मालिकेतल्या घटना त्या जगात घडून गेलेल्या होत्या. आणि निवेदनाचा आवाज पुन्हा क्रिस्टन बेलचाच.

अशा वेळी मी एकच प्रश्न विचारते: पडद्यावरच्या माणसाला काल काय झालं ते आठवतं का? 2019 च्या व्हेरॉनिकाला लिली आठवते. तिचं कुणावर विश्वास न ठेवणं, घर न मांडणं, सुख समोर आलं की मागे सरणं, हे सगळं सतराव्या वर्षी जे घडलं त्यातून आलेलं आहे. ते नव्या सीझनला वेगळं समजावून सांगावं लागत नाही, कारण आपण तिथे होतो. क्रिस्टन बेलच्या चेहऱ्यावर मधली वर्षं दिसतात, तीही त्या कथेचाच भाग होतात. कीथची स्मृती दगा देतेय का, ही भीती त्या सीझनमध्ये काळजाला हात घालते, कारण ते बापाचं डोकं किती तल्लख होतं हे आपण 64 भाग पाहिलेलं असतं. कुठलंही रिबूट कितीही सुंदर लिहिलं तरी पहिल्या भागात ही भीती निर्माण करू शकणार नाही.

पण किशोरवयीन नायिकेच्या बाबतीत रिव्हायवलला एक गोष्ट कधीच देता येत नाही: तिचं किशोरवय. शाळेची ती मार्गिका, लॉकर, दुपारच्या सुट्टीत मिळणारे खबरी, हे सगळं परत हवं असेल तर ते फक्त रिबूटच देऊ शकतं, नव्या सतरा वर्षांच्या मुलीला घेऊन. कित्येक चाहत्यांच्या मागणीत ही दोन्ही स्वप्नं एकमेकांत मिसळलेली असतात आणि म्हणून परत आलेली मालिका ‘तशी वाटत नाही’ अशी हुरहूर लागते. ती तशी वाटणं शक्यच नसतं.

आता सगळ्यात मोठा फरक, जो मला 2019 पर्यंत नीट कळला नव्हता. चाहते सहसा रिबूटला घाबरतात, ‘आमच्या मालिकेची वाट लावतील’ म्हणतात. पण रिबूट जुन्या कथेला हात लावू शकत नाही. ती जिथे संपली तिथे सुखरूप असते. कथेला धक्का लावण्याची ताकद फक्त रिव्हायवलमध्ये असते, कारण ते जे सांगतं ते खरोखर घडलेलं ठरतं. 19 जुलै 2019 रोजी हुलूने चौथा सीझन जाहीर तारखेच्या आठवडाभर आधीच खुला केला. आठव्या भागात व्हेरॉनिका आणि लोगन लग्न करतात. मग तो तिची गाडी हलवायला बाहेर जातो आणि गाडीतला बॉम्ब फुटतो. थॉमस यांनी मुलाखतींतून आपली बाजू मांडली: मालिका पुढे न्यायची तर ती गुप्तहेरकथा म्हणूनच जगेल आणि घरी नवरा वाट बघत असलेली नायिका त्या साच्यात बसत नाही. युक्तिवाद मला समजतो, पण पटत नाही. ज्यांनी चॉकलेटं पाठवली, पैसे दिले, पंधरा वर्षं सोबत केली, त्यांच्यापैकी पुष्कळांसाठी ही मालिका लोगनचीही होती. आणि मग झालं असं, की तो चित्रपटही मला आता पूर्वीसारखा पाहता येत नाही. शेवटी दोघं एकत्र येतात तेव्हा मला ती गाडी दिसते. 2019 नंतर पाचवा सीझन आलेला नाही.

तरीही कुणी विचारलं, की तिला परत आणायचं झालं तर काय हवं, तर माझं उत्तर रिव्हायवल हेच आहे. उद्या नवी अभिनेत्री घेऊन रिबूट आलं तर मी पहिल्या दिवशी बघेन. त्यात लिलीचा पुन्हा खून होईल, वॉलेस पुन्हा नव्याने भेटेल, लोगन जिवंत असेल, कदाचित शेवटपर्यंत राहीलही. पण नेपच्यून सोडून एकटी गाडी चालवत निघून गेलेली जी बाई आहे, तिच्यापर्यंत त्यातलं काहीच पोचणार नाही. आणि मला तिची काळजी आहे.