मोटारीचे धातूचे भाग वाकवणे व सरळ करणे (घरगुती)

ब्रॅकेट, बिजागरी, मडगार्डची कड, सायलेन्सरचे हँगर असे वाकलेले किंवा जागेवर न बसणारे भाग घरच्या गॅरेजमध्ये व्हाइस, हातोडी आणि लांब पाइपाच्या तरफेने आकारात आणण्याचे काम. हातोडी उचलण्याआधी बोल्ट सैल करून पाहावेत. बॉनेट आणि दरवाजांच्या बिजागऱ्यांना बहुधा लांबट किंवा मोठी छिद्रे असतात आणि पुष्कळदा भाग नुसता सरकवूनच बसतो.

थोडा ताण दिलेला धातू सोडताच पूर्ववत होतो. ठरावीक मर्यादा ओलांडल्यावरच बाक टिकतो आणि तेव्हाही तो किंचित मागे येतो. यालाच स्प्रिंगबॅक म्हणतात. पोलादाचा यंग गुणांक (ताण दिल्यावर धातू किती ताठ राहतो याचे माप) सुमारे २०० गिगापास्कल, तर अ‍ॅल्युमिनियमचा सुमारे ७०. म्हणून तेवढ्याच जाडीचा आणि ताकदीचा अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा अंदाजे तिप्पट परततो. थोडे जास्त वाकवायचे, सोडायचे, गाडीवर लावून पाहायचे, हाच यातला भरवशाचा मार्ग.

सरळ करणे हे वाकवण्याहून अवघड. जिथे घडी पडली तिथला धातू ताणाने कडक झालेला असतो. उलटा जोर लावला की घडी तशीच राहते आणि तिच्या शेजारचा मऊ भाग वाकतो. सरळ पट्टीची नागमोडी पट्टी होते ती यामुळेच. घडीच्या अगदी लगत दोन्ही बाजूंना आधार देऊन जोर नेमका घडीवरच आणावा लागतो. तीच जागा वारंवार मागेपुढे केली तर चीर पडते.

साधे पोलाद लाल तापवल्यावर सहज वळते, मात्र २०० ते ३०० अंश सेल्सिअसला ते उलट ठिसूळ होते. अर्धवट तापवण्यापेक्षा थंडच वाकवलेले बरे. अ‍ॅल्युमिनियम लाल न होताच ६६० अंशांना वितळते, म्हणून त्यावर साबणाची रेघ ओढतात आणि ती काळी पडताच ज्योत हटवतात. जस्त चढवलेला पत्रा तापवल्यास निघणाऱ्या धुराने ताप भरतो. बिडाचा भाग वाकत नाही, तुटतो.

टाय रॉड (स्टिअरिंगला चाकाशी जोडणारा दांडा), कंट्रोल आर्म (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा भाग) आणि सीटबेल्ट अडकवण्याच्या पट्ट्या सरळ करून पुन्हा वापरू नयेत. आतली बारीक चीर डोळ्यांना दिसत नाही. बॉडीच्या खांबांतले अतिबळकट पोलाद तापवल्याने कमकुवत होते, तिथे ज्योत नेऊच नये. वाकवलेल्या जागेवरचा रंग तडकतो, त्यामुळे भाग बसवण्यापूर्वी तिथे प्रायमर लावावा.