कोळंबीच्या अंड्यांचे राखणदार

कोळंबीची मादी अंडी पोटाखाली चिकटवून फिरते. समुद्राच्या पाण्यात बुरशीचे बीजाणू सगळीकडे असतात, तरी ही अंडी सहसा सडत नाहीत. का? १९८९ साली एका प्रयोगातून याचं उत्तर मिळालं. कोळंबीच्या एका जातीची अंडी प्रतिजैविक वापरून जिवाणूमुक्त केली आणि बुरशीशी गाठ घालून दिली, तर ती भराभर मेली. अंड्यांवर एरवी एका जिवाणूचा थर असतो आणि तो आयसॅटिन नावाचा छोटासा रेणू तयार करतो. जिवाणू परत लावले, की अंडी जगली. आणि जिवाणू न लावता त्यांना नुसतं आयसॅटिन दिलं, तरीही जगली. हा शेवटचा भाग मला सगळ्यात आवडतो. राखणदार रजेवर, पण त्याची काठी दारात उभी आहे म्हणून चोर आत शिरत नाही!

समुद्राच्या एक मिलिलिटर पाण्यात साधारण दहा लाख जिवाणू असतात. एवढ्या गर्दीत जागा आणि अन्न राखायचं, तर ज्याला त्याला आपलं रसायन लागतंच. आपण त्यात औषधं शोधतो, हा आपला स्वार्थ.

गंमत म्हणजे श्रेय बऱ्याचदा भलत्यालाच मिळतं. हिंदी महासागरातल्या समुद्री सशात (ससा नावापुरताच, ही गोगलगायीची भावंडं) डोलास्टॅटिन नावाचं जहाल विष सापडलं. टनाच्या हिशोबात प्राणी गोळा करून हाती आले जेमतेम काही मिलीग्रॅम. पुढे कळलं, की हे विष बनवतात सायनोबॅक्टेरिया, म्हणजे सूर्यप्रकाशावर अन्न बनवणारे जिवाणू. ससा ते फक्त खातो आणि अंगात साठवतो. याच रेणूच्या धर्तीवर प्रयोगशाळेत घडवलेला एक रेणू प्रतिपिंडाला (ठरावीक पेशी ओळखून तिला चिकटणाऱ्या प्रथिनाला) जोडला आणि ब्रेंटुक्सिमॅब व्हेडोटिन हे औषध झालं. हॉजकिन लिम्फोमा या कर्करोगासाठी अमेरिकेत त्याला २०११ मध्ये मान्यता मिळाली.

समुद्रतळाच्या गाळातला सॅलिनिस्पोरा हा जिवाणू मात्र कुणाच्या आडोशाने राहत नाही. प्रतिजैविकं देणाऱ्या मातीतल्या जिवाणूंचाच हा नातेवाईक, पण त्याला खारं पाणीच लागतं. बाहेरचं पाणी अचानक गोडं झालं, की पेशीत पाणी घुसून ती फुगते. अशा वेळी दाब मोकळा करणारी जी झडप इतर जिवाणूंकडे असते, तिचं जनुक याने गमावलंय. त्यामुळे पेशी फुटते. त्याने बनवलेल्या सॅलिनोस्पोरामाइड ए या रेणूतही समुद्र आहे, कारण त्यातला क्लोरीनचा अणू खाऱ्या पाण्यातूनच आलेला असतो. तो काही शोभेला बसवलेला नाही. आपल्या पेशीत नको असलेली प्रथिनं तोडणारं एक यंत्र असतं, प्रोटीअसोम. हा रेणू त्याच्या दातात अडकतो, मग क्लोरीन निसटून जातो आणि मागे राहिलेला भाग असा घट्ट बसतो, की पुन्हा सुटत नाही. कर्करोगाच्या पेशींना हे यंत्र बंद पडलेलं फारसं सोसत नाही. मेंदूत पोचू शकणारं म्हणून या औषधाकडून मोठी आशा होती. मात्र ग्लायोब्लास्टोमा या मेंदूच्या कर्करोगाच्या मोठ्या चाचणीत नेहमीच्या उपचारांना त्याची जोड देऊनही रुग्णांचं आयुष्य वाढलं नाही. असंही होतं.

सॅलिनिस्पोरा निदान प्रयोगशाळेतल्या बशीत वाढतो तरी. खारफुटीच्या मुळांना चिकटून राहणारा पिशवीसारखा एक मऊ प्राणी आहे, एक्टिनॅसिडिया. त्यात सापडलेलं ट्रॅबेक्टेडिन हे औषध आज सार्कोमावर, म्हणजे स्नायू, चरबी अशा ऊतींच्या कर्करोगावर वापरतात. हा रेणू बनवतो तो त्या प्राण्याच्या शरीरात राहणारा एक जिवाणू, आणि त्याला वेगळं वाढवणं काही जमलेलं नाही. म्हणून औषध कंपनी दुसऱ्याच एका जिवाणूकडून जवळपासचा रेणू बनवून घेते आणि उरलेलं काम रसायनशाळेत करते. प्राण्याच्या अंगातल्या या भाडेकरूचा जीनोम, म्हणजे त्याची सगळी जनुकीय माहिती, वाचला, तेव्हा तो आक्रसून जेमतेम सहा लाखांच्या वर अक्षरांचा उरलेला दिसला. स्वतंत्र जगायला लागणारी कित्येक जनुकं त्याने कधीच टाकून दिली आहेत. विषाच्या कृतीची जनुकं मात्र जपून ठेवली आहेत.